कच्च्या आहारासाठी स्वयंपाकघर बदलावे लागते का? एका संदेशातील पाच दाव्यांचा प्रतिवाद

कच्चा आहार सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी म्हणून एक लांबलचक संदेश कुटुंबांच्या आणि व्यायामाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर वारंवार फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, पण आशय तोच राहतो. कच्च्या अन्नातली विकरे, म्हणजेच एन्झाइम, आपल्या पचनासाठी आवश्यक असतात आणि 48 अंश सेल्सियसला ती सगळी मरतात. घरातल्या साध्या मिक्सरच्या वेगाने व उष्णतेने ती नष्ट होतात, म्हणून कोल्ड प्रेस ज्यूसर आणि हायस्पीड ब्लेंडर घ्यावा. पोलादी पात्याने भाजी ‘मरते’, म्हणून सिरॅमिकचा चाकू वापरावा. वाळवणासाठी डिहायड्रेटर हवाच. आणि मोड आणले की कोणतेही कडधान्य कच्चे खाता येते, तेव्हा प्रेशर कुकर माळ्यावर टाकावा. या यादीप्रमाणे खरेदी केली तर खर्च सहज चाळीस हजारांच्या पुढे जातो.

कच्च्या भाज्या, फळे, भिजवलेले दाणे आणि मोड आहारात वाढावेत याला माझा विरोध तर नाहीच, उलट मनापासून पाठिंबा आहे. म्हणूनच हा संदेश मला अधिक खटकतो. एक तर तो वाचून बेताच्या उत्पन्नाची अनेक कुटुंबे ‘हे आपल्याला परवडणारे नाही’ म्हणून विषयच सोडून देतात; आणि जे यादीप्रमाणे खरेदी करतात, त्यांचे लक्ष ज्या दोन-तीन गोष्टींकडे खरोखर हवे, तिकडून नेमके हटते.

पहिला दावा विकरांचा आहे आणि बाकीची सारी इमारत त्याच्यावरच उभी आहे. वनस्पतीतली विकरे ही त्या वनस्पतीच्या गरजेसाठी तयार झालेली प्रथिने असतात. ती आपल्या जठरात पोहोचतात तेव्हा त्यांना रिकाम्या पोटी साधारण 1.5 ते 3.5 इतका सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) असलेले आम्ल आणि प्रथिने तोडणारे पेप्सिन यांना तोंड द्यावे लागते, आणि त्यांपैकी बहुतेकांचे तिथे इतर प्रथिनांप्रमाणेच पचन होते. आपले अन्न पचवण्याचे काम लाळेतली, स्वादुपिंडातली आणि लहान आतड्यातली आपली स्वतःची विकरे करतात. शरीराकडे विकरांचा ठरावीक साठा असतो आणि शिजवलेले अन्न तो संपवते, ही कल्पना अमेरिकी डॉक्टर एडवर्ड हॉवेल यांनी विसाव्या शतकात मांडली. परंतु स्वादुपिंड ही विकरे आयुष्यभर नव्याने बनवत असते, त्यामुळे ‘साठा संपण्याचा’ प्रश्न निरोगी माणसाच्या बाबतीत उद्भवत नाही.

आता 48 अंशांचे पाहू. हा आकडा 118 अंश फॅरनहाइटचे रूपांतर आहे, आणि सगळी विकरे एकाच तापमानाला निकामी होतात ही समजूत आपल्याच स्वयंपाकघरात खोटी ठरते. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा कीस लावतात. त्या पपईतले पपेन हे विकर 60 अंशांच्या पुढेही जोमाने काम करते, आणि मांस तापू लागते तेव्हाच त्याचा खरा जोर असतो. रताळे मंद आचेवर सावकाश भाजले की अधिक गोड लागते, कारण त्यातले स्टार्च साखरेत बदलणारे विकर 60 ते 75 अंशांच्या टप्प्यात जोरात चालते. काही विकरे याहून कमी तापमानाला ढासळतात हेही खरे आहे. मुद्दा एवढाच की 48 ही निसर्गाने आखलेली सीमारेषा नव्हे, आणि तिच्या भरवशावर हजारोंचे यंत्र निवडणे योग्य नव्हे.

दुसरा दावा मिक्सरचा. यात तथ्य किती आहे ते शाळेतल्या विज्ञानाने तपासता येते. समजा मिक्सर 500 वॅटची वीज घेत आहे आणि आपण त्यात अर्धा लिटर पालक-काकडीचे पातळ मिश्रण सलग एक मिनिट फिरवले. एका मिनिटात 30,000 जूल ऊर्जा खर्च होईल. अर्धा लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे 2,100 जूल लागतात. म्हणजे सगळीच्या सगळी ऊर्जा उष्णता होऊन त्या मिश्रणातच उतरली, असे अगदी टोकाचे गृहीत धरले तरी तापमान 14 अंशांनी वाढेल: 26 अंशांवरून 40 अंशांवर. प्रत्यक्षात त्या विजेचा बराच भाग मोटर स्वतः तापण्यात जातो, आणि असे मिश्रण एकजीव व्हायला बहुधा अर्धे मिनिटही पुरते. ज्यांना शंका असेल त्यांनी स्वयंपाकाचा थर्मामीटर भांड्यात बुडवून पाहावा.

याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेंगदाणे, तीळ किंवा बदाम कोरडेच वाटले, त्यांना तेल सुटेपर्यंत मिक्सर फिरवत राहिले, तर भांडे बाहेरून हाताला चांगलेच गरम लागते, कारण उष्णता शोषून घ्यायला तिथे पाणी नसते. एवढ्यापुरती संदेशातली भीती रास्त आहे. मात्र त्यावरचा उपाय अधिक ताकदीचे यंत्र हा असू शकत नाही. दीड हजार वॅट आणि त्याहून अधिक क्षमतेच्या ज्या ब्लेंडरांची शिफारस हा संदेश करतो, त्यांची जाहिरातच मुळी पाच-सहा मिनिटांत केवळ घर्षणाने गरम सूप करून देणारे यंत्र अशी केली जाते! दाणे फ्रिजमध्ये गार करून घ्यावेत, मिक्सर पल्सवर थांबून थांबून फिरवावा आणि मध्ये भांडे निवू द्यावे, एवढे पुरते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंबेडाळ करताना भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि कैरी पाणी न घालता अशीच भरड वाटतात. सलग फिरवले की तिचा लगदा होतो, हे करणाऱ्याला ठाऊक असते.

शिवाय कापण्या-वाटण्याने विकरे मरतात हे म्हणणे प्रत्यक्षाच्या उलट आहे. सफरचंदाची फोड तपकिरी पडते, केळफूल चिरताच काळे पडू लागते आणि म्हणून आपण ते ताकाच्या पाण्यात टाकतो. हे काळवंडणे पेशी फुटल्यावर विकरे हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने कामाला लागल्यामुळेच घडते. लसणाचा उग्र वास पाकळी ठेचल्यावर सुटतो, तोही विकरामुळेच. मिक्सरमधला रस तपकिरी दिसला तर त्यातली विकरे जिवंत आहेत, एवढेच सिद्ध होते. नुकसान होते ते क जीवनसत्त्वाचे, आणि ते मुख्यतः रस तसाच ठेवून दिल्याने होते. रस केल्याबरोबर पिणे, त्यात लिंबू पिळणे आणि आंबट पदार्थ तांब्याच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात मुळीच न ठेवणे ही काळजी यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

कोल्ड प्रेस ज्यूसरला त्याचे श्रेय जरूर द्यावे. त्याचा मळसूत्री दांडा मिनिटाला साधारण 40 ते 100 फेरे घेतो, रसावर फेस कमी येतो आणि गव्हांकुरासारख्या चिवट पात्यांचा रस तो मिक्सरपेक्षा खूप चांगला काढतो. ज्यांना रोज गव्हांकुराचाच रस घ्यायचा आहे त्यांनी तो खुशाल घ्यावा. मात्र हे यंत्र चोथा वेगळा करून टाकते, आणि कच्च्या भाजीचा मोठा लाभ त्या चोथ्यातच असतो. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर मुक्त साखरेतच, म्हणजे जी कमी खावी असे ती सांगते त्या साखरेतच, धरते, अख्ख्या फळातली धरत नाही. चार गाजरे किसून शेंगदाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर घरातल्या तिघा-चौघांच्या पानात पडते. त्याच गाजरांचा रस एकट्याचा पेला जेमतेम भरतो. बारीक किसल्याने गाजराच्या पेशी फुटतात आणि कुटातल्या तेलामुळे त्यातले बीटा कॅरोटीन अधिक शोषले जाते. या कामाला धार शाबूत असलेली साधी किसणी लागते, आणि घराघरांत ती बोथट झालेली असते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

तिसऱ्या, चाकूच्या दाव्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. स्टेनलेस स्टीलचे पाते भाजीतले काहीही ‘मारत’ नाही. जुन्या लोखंडी विळीने चिरलेले काही पदार्थ काळसर पडतात, कारण लोह आणि त्या पदार्थांतले टॅनिन हे तुरट द्रव्य यांची प्रक्रिया होते. तेवढे टाळण्यासाठी स्टीलचे पाते पुरेसे आहे. सिरॅमिकचे पाते ठिसूळ असते आणि ते घरी धार लावण्याजोगे नसते. पात्याचे द्रव्य कोणते यापेक्षा त्याची धार आणि चिरण्याची पद्धत महत्त्वाची. खमंग काकडीसाठी काकडी किसत नाहीत, हातात धरून सुरीने चोचवतात, कारण किसलेली काकडी लगेच पाणी सोडते आणि चोचवलेली खुटखुटीत राहते.

डिहायड्रेटरचा दावा अर्धा बरोबर आहे. कोकणात पावसाळ्यात, हवा ओलीचिंब असताना, किंवा शहरात गच्ची आणि ऊन दोन्ही नसलेल्या घरात काप वाळवायचे असतील तर हे यंत्र खरोखर उपयोगी पडते. मात्र ‘हवेच’ म्हणणे चुकीचे आहे. आंबोशी, आमसूल, आवळासुपारी हे न शिजवता वाळवलेलेच पदार्थ आहेत आणि ते उन्हातच होत आले आहेत. मे महिन्यात विदर्भात सावलीतला पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा गच्चीवरच्या थाळीत तो अर्थातच त्याहून वर असणार. संदेशातला नियम लावला तर ही सगळी वाळवणे ‘मृत’ ठरतात. उन्हाचा खरा तोटा वेगळा आहे, तो म्हणजे प्रकाशाने क आणि रायबोफ्लेविन (ब2) ही जीवनसत्त्वे घटतात. त्यावर पातळ पंचा झाकणे किंवा हवेशीर सावलीत वाळवणे हा उपाय आहे. उलट विकरे वाचवण्याच्या हट्टाने यंत्र 40 अंशांवर ठेवून जाड, ओले काप घातले तर ते तासन्‌तास जंतूंना मानवणाऱ्या उबेत राहतात. काप पातळ हवेत आणि त्यांना मीठ किंवा आंबट लावलेले असावे.

शेवटचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. मोड आणल्याने कडधान्यातले क जीवनसत्त्व वाढते आणि पचनही सोपे होते, हे खरेच आहे. मूग आणि मटकी बहुतेकांना कच्ची पचतात. राजम्याचे तसे नाही. त्यातले फायटोहिमॅग्लुटिनिन हे लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, मोड आल्यावरही उरते, थोडेसेच दाणे कच्चे खाल्ले तरी काही तासांत जोरदार उलट्या होतात, आणि ते घालवायला दाणे भिजवून, ते पाणी टाकून, पूर्ण उकळत्या पाण्यात शिजवावे लागतात. कोमट तापमानाला ठेवून भागत नाही. अळू आणि सुरण यांतले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक कच्चे खाल्ल्यास घसा खाजवतात. त्यामुळे कितीही निष्ठेने कच्चा आहार घेणाऱ्या घरातही कुकर हाताशीच असला पाहिजे.

मोडांचाच आणखी एक धोका संदेशात कुठेही येत नाही. ज्या ऊब आणि ओलाव्यात मोड फुटतात त्यातच जिवाणूही वाढतात. 2011 साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलाय या जिवाणूचा जो उद्रेक झाला, त्यात सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक मृत्युमुखी पडले. तिथे दूषित बियाण्यावरच मुख्य संशय होता, म्हणजे नंतर मोड कोणत्या उपकरणात आणले याने फारसा फरक पडला नसता. आपल्याकडे सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाज्यांना चिकटून येणारी फीतकृमीची अंडी ही अशीच एक गोष्ट आहे. मिठाच्या पाण्यात बुडवून ती मरत नाहीत, पान अन् पान सुटे करून वाहत्या, पिण्यायोग्य पाण्याखाली चोळून धुतल्यानेच ती निघतात.

पैसे खर्चायचेच असतील तर ते आधी इथे खर्चावेत: घरातले पाणी पिण्यायोग्य करणारे खात्रीचे साधन, भाजी निथळण्यासाठी मोठी जाळीची चाळणी, कच्च्या पदार्थांपुरता वेगळा पाट आणि सुरी, आणि मोडांसाठी रोज उकळून वाळवता येतील असे दोन पंचे. मोड दिवसातून दोन-तीनदा धुवावेत, फुटल्यावर 5 अंशांखाली फ्रिजमध्ये ठेवावेत, चिकट लागले किंवा आंबूस वास आला तर टाकून द्यावेत. आणि गर्भवती, लहान मुले, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण घरात असतील तर त्यांच्या वाटणीचे मोड चांगले वाफवून शिजवूनच वाढावेत.