झाडीतले मुक्काम : ‘घरी बसावं’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, नर्मदे हर.

तुमची कमेंट परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर नुसतं भांडण झालं असतं, म्हणून दोन दिवस थांबले. बाकीच्या वाचकांना आधी सांगते की प्रकरण काय आहे. मागच्या लेखात मी नर्मदामैयाच्या पायी प्रदक्षिणेतल्या, म्हणजे नर्मदा परिक्रमेतल्या शूलपाणीच्या झाडीचे, म्हणजे दक्षिण तटावरच्या बडवानी ते गोरा या डोंगरी टप्प्याचे मुक्काम कसे ठरवायचे ते लिहिलं होतं. सोबत एक तक्ता दिला होता, कुठून कुठे चाल, चढ कुठे लागतो, पाणी कुठे, आसन (रात्रीची पथारी) कुठे लावता येतं, असा. त्यावर भाऊंनी लिहिलं : "एक्सेल शीट घेऊन परिक्रमेला निघणाऱ्यांनी ट्रेकिंगला जावं. मैया कोणाला उपाशी ठेवत नाही, उघड्यावर झोपवत नाही. एवढा विश्वास नसेल तर घरी बसावं." आणि पुढे, की माझे टप्पे फारच छोटे आहेत, लोक रोज तीस किलोमीटर चालतात, जुन्या पुस्तकांतला काठाकाठाचा रस्ता सोडून मी डोंगरातला का दिला, आणि तक्ता मोबाइलवर वाचताच येत नाही.

शेवटचं मान्य. तक्ता मोबाइलवर खरंच दिसत नव्हता, उजवीकडचे दोन रकाने कापले जात होते. आता तो साध्या मजकुरात टाकला आहे, पाहून घ्या.

पण "घरी बसावं" हे तुम्ही कोणाला बोलून राहिले भाऊ? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. मी काय खाते, सकाळी उठून कोणाचं नाव घेते, कशासाठी चालते, यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही, आणि एक तक्ता पाहून तुम्ही माझ्या विश्वासाचा निकाल लावून मोकळे झाले. प्रश्न विचारला असता की बाई, एवढं ठरवायची गरज काय, तर मी आनंदानं सांगितलं असतं. इथे पन्नास जण प्रश्न विचारतात, सगळ्यांना मी उत्तर देते, रात्री अकरा वाजता फोन आला तरी घेते. पण टोचून लिहायचं आणि वरून शेवटी "नर्मदे हर" लिहायचं, हे मला नाही पटलं.

आमच्या घरात हे चालणं माझ्यापासून सुरू झालेलं नाही. आम्ही नागपूरच्या महाल भागातले. माझे वडील दरवर्षी नागपंचमीच्या आधी पचमढीला नागद्वारला जायचे, भर पावसात, आणि मी कळत्या वयाची झाल्यापासून त्यांच्यासोबत. विदर्भातल्या लोकांना नागद्वार सांगायची गरज नाही, पाऊस, चिखल, निसरडे दगड, सातपुड्याचे चढउतार आणि "हर हर महादेव" म्हणत वर-खाली जाणाऱ्यांची रांग. त्या डोंगरात आपल्या नागपूर-विदर्भाकडची मंडळं ताडपत्र्या टाकून भंडारे लावतात, रात्री-बेरात्री आलेल्याला गरम जेवण मिळते, झोपायला जागा मिळते. कोणालाही वाटेल की महादेवानं सोय केली. केलीच. पण त्या मंडळाचे लोक महिना-दीड महिना आधीपासून वर्गणी, किराणा, भांडी, ट्रक यांच्या मागे असतात, पोती डोक्यावर नेतात. आमच्या घरात तांदूळ निवडायला बायका बसायच्या तेव्हा माझे वडील वहीत लिहायचे की कोणत्या दिवशी किती पानं उठतील. त्यांना कोणी म्हटलं नाही की वही घेऊन काऊन जाता, घरी बसा.

आणि वारीचं काय? माउलींची पालखी आळंदीहून निघते तेव्हा पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, सगळे मुक्काम आधी जाहीर झालेले असतात, कुठे एक रात्र कुठे दोन, विसावे कुठे, हेसुद्धा. दिंड्यांना नंबर आहेत, कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे. दिवे घाटाचा मोठा दिवस त्या हिशेबातच बसवलेला आहे, घाट चढून सासवडला पोचायचं, आणि तिथे दिंडीचे ट्रक आधी पोचून राहुट्या लागलेल्या असतात, चुली पेटलेल्या असतात. शेगावहून आपल्या गजानन महाराजांची पालखी निघते तिचंही वेळापत्रक छापून येते, घरोघरी लोक ते भिंतीला लावतात आणि आपल्या गावी पालखी येईल त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक करतात. या लाखो लोकांचा विठ्ठलावर विश्वास नाही असं तुम्हाला म्हणायचं आहे का?

परिक्रमेतही तेच आहे. चातुर्मासात चालायचं नाही, एका जागी राहायचं, देवउठनी एकादशी झाली की निघायचं. तीन वर्षं तीन महिने तेरा दिवसांची परिक्रमा जे करायचे ते पुढचा चातुर्मास कुठे बसायचा हे मनात धरूनच चालायचे. हांसोटच्या पुढे समुद्र ओलांडायला नाव भरतीवर सुटते, ओहोटीत नाव चिखलात बसते, तिथे कोणाचीही श्रद्धा भरती आधी आणत नाही. मग लोक काय करतात? तिथी पाहतात, नाववाल्याला विचारतात, एखादी रात्र जास्तीची धरतात. त्याला कोणी नाव ठेवत नाही. तोच हिशेब मी डोंगरासाठी केला तर ते ट्रेकिंग?

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, मैया उपाशी ठेवत नाही. भाऊ, हे मीही मानते, मनापासून मानते. पण मैया जेवू घालते म्हणजे त्या रात्री कोणीतरी बाई उठून चूल पेटवते, हे तुम्ही पाहिलं आहे का? मी पाहिलं आहे.

धडगावच्या अलीकडच्या एका पाड्यावर आम्ही चौघं दुपारी साडेतीनला आसन लावून बसलो होतो. पावरा आदिवासींचं कुटुंब, कुडाच्या भिंती, पुढे शेणानं सारवलेली ओसरी. आमच्याजवळ आमचा शिधा होता, आम्ही पाच वाजताच खिचडी करून घेतली. अंधार पडून बराच वेळ झाल्यावर खालून टॉर्च दिसल्या, सात-आठ जणांचा घोळका "नर्मदे हर, नर्मदे हर" करत वर आला. पुढच्या आश्रमात जायचं म्हणून निघाले होते, वाट चुकले, पाय भरून आले, आणि आता जेवायला काही मिळेल का. शिधा कोणाजवळच नाही. मैया देते म्हणून त्यांनी घेतलाच नव्हता. आमच्या पिशवीत होते ते दोन मुठी तांदूळ आम्ही दिले, त्यानं काय होणार? त्या घरातली मामी (झाडीतल्या आदिवासींना परिक्रमेतले लोक मामा-मामी म्हणतात) झोपलेल्या लेकराला बाजूला सरकवून उठली. कोपऱ्यातला पत्र्याचा डबा उघडला, हात कोपरापर्यंत आत गेला, आणि डब्याच्या तळाला वाटी घासल्याचा आवाज आला. मक्याचं पीठ होतं ते. तिनं सगळं परातीत काढलं, डबा उलटा करून त्याच्या बुडावर थापट्या मारल्या, आणि त्या पिठाच्या जाड भाकरी थापायला बसली. सोबत उडदाची पातळ डाळ. सगळे जेवले, तृप्त झाले, एक काका डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, पाहा, मैयानं कशी सोय केली. सकाळी ते लवकर उठून गेले. आम्ही निघेपर्यंत तिची पोरं जागी झाली होती आणि ती शेजारच्या घरी दुरडी घेऊन पीठ उसनं मागायला गेली होती.

त्या दिवसापासून कोणी मला "काही ठरवू नका, मैया बघते" असं सांगितलं की मला तो वाटीचा आवाज ऐकू येतो. झाडीतल्या आदिवासींबद्दल पूर्वी लोक काय काय सांगायचे, मामा लोक लुटतात, अंगावरचे कपडेही ठेवत नाहीत. आज त्याच डोंगरात तेच मामा-मामी दारावर आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत, आणि आपण शहरातले लोक त्यांच्या घरी न सांगता, हिशेब न करता, आठ-आठ जण अंधारात धडकतो आणि त्याला श्रद्धा म्हणतो. सरदार सरोवराच्या धरणात ज्यांची शेतं गेली त्यांच्या डब्यातलं पीठ आहे ते. मला ते जमत नाही. माझ्या तक्त्याचं कारण एवढंच आहे, आणि मागच्या लेखात ते लिहिलं होतं, चौथ्या परिच्छेदात, तुम्ही बहुतेक तक्ता पाहूनच कमेंट लिहायला घेतली.

म्हणून परत एकदा सांगते, कारण यंदा कार्तिकात निघणारे बरेच जण हे वाचतील. झाडीत रोजचा एक मुक्काम ठरवायचा, पण सोबत त्याच्या अलीकडची एक जागाही माहीत असायला हवी, जिथे थांबता येईल. पलीकडची नसली तरी चालते, कारण दुपारनंतर माणसानं पलीकडे जाऊच नये. दुपारी दोनला तुम्ही कुठे आहात ते पाहायचं. ठरलेला मुक्काम दोन तासांत येत नसेल तर अलीकडच्या जागी थांबून जायचं, उगाच जिद्द नाही. डिसेंबरात त्या भागात सूर्य आपल्या नागपूरपेक्षा वीसेक मिनिटं उशिरा मावळतो त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना वाटतं की अजून उजेड आहे, पण दरीतलं ऊन त्याच्या कितीतरी आधी डोंगराआड जाते आणि मग पायवाटेवरचे सुटे दगड दिसत नाहीत, उतारावर तर अजिबातच नाही. सकाळी निघताना घरमालकाला विचारायचं की काल-परवा इथून किती जण पुढे गेले. जास्त गेले असतील तर पुढच्या आश्रमात गर्दी असणार, मग सरळ अर्धा दिवस थांबा किंवा टप्पा तोडा. समोरून येणारा कोणी मोटरसायकलवाला दिसला, मास्तर असो की आरोग्यसेविका, तर पुढच्या गावचा अंदाज त्यांना नक्की असतो. मोबाइलची रेंज धरून बसू नका, पाड्यांवर ती कुठे असते कुठे नसते.

आणि दोन वेळचा शिधा पाठीवर. डाळ, तांदूळ, थोडं पीठ, मीठ, तिखट. वजन वाढते हे मला माहीत आहे. पण मग तुम्ही कोणाच्या दारात चूल मागता, धान्य नाही, हा फार मोठा फरक आहे. निघताना त्यातलं उरलेलं तिथेच ठेवून द्यायचं आणि धडगावला बाजार आहे तिथे परत भरून घ्यायचं. धडगावात दवाखाना आहे, एसटी आहे, त्यामुळे तिथे एक रात्र जास्तीची धराच, पाय सुजलेले असतात. आमच्यासोबत शुगर असलेल्या एक ताई होत्या, त्यांना सातच्या आत जेवण लागायचं म्हणजे लागायचंच. त्यांनीही मैयावर सोडून रात्री नऊपर्यंत उपाशी चालायचं होतं का?

बायकांसाठी आणखी एक, जे तुमच्या डोक्यात आलंही नसेल. उजेड असताना पोचलं की नाहाणी कुठे, आडोसा कुठे, पहाटे कुठल्या बाजूला जायचं, हे घरातल्या बाईला विचारता येते. अंधारात पोचलेल्या बाईला ते विचारायलाही संकोच होतो आणि मग ती पाणीच पीत नाही. आमच्यातली एक जण याच्यापायी आजारी पडली होती. यावर कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

बाकीच्या मुद्द्यांवर फार बोलत नाही. तीस किलोमीटर सपाटीवर, डांबरी सडकेवर लोक चालतात, मीही चालले आहे, तिथे तुमचं म्हणणं ठीक. डोंगरात चढाच्या दर सहाशे मीटरला एक तास जास्तीचा धरावा हा नियम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसानं १८९२ सालीच सांगितला होता, आणि तोही धडधाकट माणसासाठी. पाठीवर आठ-दहा किलो घेऊन चाललेल्या साठीच्या माणसानं त्याच्यावर अजून वेळ धरावा. ज्यांना तीस झेपते त्यांनी चालावं, माझा तक्ता त्यांच्यासाठी नाहीच.

आणि जुना काठाचा रस्ता मी का दिला नाही, तर तो पाण्याखाली आहे भाऊ. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा पूर्ण भरलं, १३८.६८ मीटरपर्यंत, आणि फुगवटा पार बडवानीच्या राजघाटापर्यंत आला. जुनं शूलपाणेश्वराचं मंदिर तर त्याच्या कितीतरी आधी बुडालं, आता दर्शन होते ते गोऱ्याला बांधलेल्या नव्या मंदिरात. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातली मुक्कामाची नावं घेऊन कोणी निघालं तर त्यातली कित्येक गावं त्या जागी नाहीतच, लोक वर सरकले किंवा पुनर्वसनात गुजरातकडे गेले. मैया उजव्या हाताला ठेवून चालायचं हे खरं, पण झाडीत ती कित्येकदा दिसतसुद्धा नाही, डोंगराच्या पलीकडे असते. हे एकदा जाऊन आलेल्या कोणालाही विचारा. तुम्ही स्वतः गेले आहात की नाही हे तुम्ही कमेंटमध्ये कुठेच लिहिलेलं नाही, आणि मला ते विचारावंसं वाटून राहिलं.

कमेंट डिलीट करणार नाही, राहू द्या तिथेच, खाली या उत्तराची लिंक दिली आहे. यावर पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण त्या डब्यातल्या पिठाबद्दल लिहा, माझ्या विश्वासाबद्दल नको. आणि यंदा निघणार असाल तर धडगावच्या पुढच्या, मोलगीकडच्या दोन-तीन जागा मी तक्त्यात नव्यानं टाकते आहे, त्या रविवारपर्यंत येतील, त्या पाहूनच निघा.

नर्मदे हर.