हातावर वाढलेलं पिल्लू ‘सगळ्यात गुणी’ असतं, हे कुणी सांगितलं?

थंडीच्या तोंडावर रस्त्यावरच्या कुत्र्या व्यायल्या, की एक सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच. आईविना, माणसाच्या हातावर वाढलेलं पिल्लू सगळ्यात गुणी निघतं. त्याला माणसाखेरीज कुणी ठाऊकच नसतं, म्हणून ते जन्मभर निष्ठावान राहतं. तेव्हा पिल्लू जितकं लहान उचलाल तितकं बरं, डोळे उघडायच्या आत मिळालं तर सोन्याहून पिवळं. पुढे सूचना: गाईचं दूध पाणी घालून पाजा, सगळ्या लसी होईपर्यंत घराबाहेर काढू नका, दुसऱ्या कुत्र्याची सावलीही पडू देऊ नका, चावलं तर नाकावर टिचकी मारा. आणि दुधाचे दात लागले तर घाबरू नका, एवढ्याशा पिल्लाला रेबीज होत नाही.

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या चुका पिल्लाला महागात पडतात, ही माणसाच्या जिवावर बेतू शकते. रेबीजला वयाची अट नाही. पिल्लाला पिसाळलेल्या कुत्र्याने चावलं असेल, तर तेही पिसाळू शकतं. शिवाय अनाथ पिल्लाच्या बाबतीत त्याची आई कशाने गेली हे बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. म्हणजे ज्या वयात आपण त्याला मांडीवर घेऊन खेळवतो, त्या वयात त्याला काहीच संरक्षण नसतं. दुधाचे दात सुईसारखे असतात आणि सहज रक्त काढतात. दात लागला, किंवा कातडी फाटलेल्या जागी चाटलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. इंजेक्शनं दंडात घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी (० म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस), कातडीत घेतली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडंही, लागतं. हळद, चुना, तिखट लावत बसायचं नाही.

आता ‘जितकं लहान तितकं बरं’. याचं उत्तर ६० वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी केलेला प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. उंच कुंपणाच्या मोकळ्या रानात पिल्लं आईबरोबर वाढत होती, माणसाचा वावर जवळजवळ नाही. त्यातली काही दोन आठवड्यांची असताना, काही तीन, काही पाच, सात, नऊ आठवड्यांची असताना एकेका आठवड्यासाठी माणसांत आणली आणि परत सोडली. काहींना चौदा आठवडे आणलंच नाही. ही शेवटची पिल्लं माणसाला बिचकणारी, रानटीच राहिली. पण दोन आठवड्यांच्या पिल्लांनाही त्या आठवड्याचा फारसा फायदा झाला नाही. इतक्या कोवळ्या वयात त्यांचा वेळ झोपण्यातच जात होता. पाच-सात आठवड्यांची असताना आलेली पिल्लं मात्र माणसांत छान रुळली, आणि तोवर ती आईजवळच होती. म्हणजे माणसाळवण्यासाठी डोळे न उघडलेलं पिल्लू उचलण्याची काहीच गरज नाही.

लवकर तोडण्याचा तोटा मात्र दिसतो. इटलीतल्या एका पाहणीत, २०११ साली, ३० ते ४० दिवसांची असताना वेतापासून वेगळी केलेली आणि दोन महिन्यांनी वेगळी केलेली कुत्री ताडून पाहिली. लवकर तुटलेल्यांत फिरायला नेताना घाबरणं, उगाच भुंकत राहणं, वस्तूंची नासधूस, खाण्यावर किंवा खेळण्यावर हक्क गाजवणं हे सगळं जास्त आढळलं.

मग रस्त्यावरचं पिल्लू उचलायचंच नाही का? तसं नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं. वयात येईपर्यंत त्यातली फक्त १९ टक्के जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंमागे या ना त्या प्रकारे माणूस होता. पिल्लू बघून जीव कळवळतो तो उगाच नाही. पण त्याच संशोधकांना हेही दिसलं, की आई नसताना कळपातली आजी किंवा मावशी पिल्लांना सांभाळते, कधी दूधही पाजते. आई नुसती खायला शोधायला गेलेली असू शकते. पोट भरलेली, ऊबदार, एकमेकांवर रेलून झोपलेली पिल्लं दिसली तर लांब बसून काही तास वाट बघा. गार पडलेली, पोट खपाटीला गेलेली, सतत कुईकुई करणारी असतील तर उचला. आणि दोन असतील तर दोन्ही उचला. हे वाचून घरच्यांच्या कपाळावर आठ्या येतील, तरी का ते पुढे येतंच आहे.

आता त्या सल्ल्याचा गाभा, निष्ठेचा. माणसाशिवाय कुणी ठाऊक नसणं हा सल्ल्याच्या लेखी गुण आहे. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक मायकेल फॉक्स यांनी १९६०च्या दशकात नेमकं हेच तपासलं. जन्मानंतर काही दिवसांतच आईपासून काढून एकटी, माणसाच्या हातावर वाढवलेली पिल्लं पुढे समवयस्क पिल्लांत सोडली, तर त्यांना त्यांच्यात मिसळता येईना. ती माणसाकडे धावत. चिवावा जातीची पिल्लं त्यांनी एकेकटी मांजरीच्या पिल्लांत वाढवली, तेव्हा ती मांजरांतच रमली आणि कुत्र्यांना टाळू लागली. हे ऐकून ‘अय्या, किती गोड’ म्हणणारे भेटतात. गोड काही नाही. असा कुत्रा सोसायटीच्या फाटकाबाहेर पडला की समोरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला बघून एकतर मागच्या मागे पळतो, नाहीतर अंगावर जातो, कारण शेपटी ताठ म्हणजे काय, मान वळवली म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. ज्या शहरात प्रत्येक कोपऱ्यावर तीन-चार कुत्री बसलेली असतात, तिथे त्याचं आयुष्य घरातल्या घरातच जातं. आणि माणूस घराबाहेर पडला की दार खरवडून रडणाऱ्या कुत्र्याला आपण कौतुकाने निष्ठावान म्हणतो.

दिलासा असा, की मांजरांतून काढलेली फॉक्स यांची पिल्लं सोळा आठवड्यांची झाल्यावर इतर पिल्लांबरोबर ठेवली, तर दोन आठवड्यांत बरीचशी रुळली. म्हणजे दार कायमचं बंद होत नाही, पण ते कुत्र्यांनीच उघडावं लागतं. तुम्ही आणि मी जमिनीवर लोळून कितीही गुरगुरलो तरी त्याचा उपयोग नाही. म्हणून वर दोन म्हटलं. एकटंच मिळालं असेल तर आसपास दुसऱ्या कुणाकडे त्याच वयाचं पिल्लू आहे का ते शोधा आणि पशुवैद्याला दोन्ही दाखवून एकत्र वाढवा. तेही नसेल तर लसी झालेला, शांत स्वभावाचा, पिल्लं चालवून घेणारा मोठा कुत्रा. बाटलीने दूध पाजणारे हात प्रेम भरपूर देतात; अंगचटीला आलेल्या पिल्लाला योग्य वेळी गुरकावून बाजूला सारणं कुत्र्यालाच जमतं.

अतिलाडाबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. न्यू जर्सीतल्या अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत २३ आया आणि त्यांची ९८ पिल्लं संशोधकांनी पाहिली. निष्कर्ष २०१७ साली आले. ज्या कुत्र्या उभ्याने पाजत, म्हणजे पिल्लांना दुधासाठी थोडी धडपड करावी लागे, त्यांची पिल्लं पुढे प्रशिक्षणात जास्त यशस्वी झाली. सतत अंगाखाली घेऊन बसणाऱ्या आयांची पिल्लं जास्त नापास झाली. ‘बिचाऱ्याला आई नाही’ म्हणून दिवसभर कुशीत घेऊन फिरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुधाचं थोडक्यात. कुत्रीच्या दुधात साधारण ९ टक्के स्निग्धांश आणि ७ ते ८ टक्के प्रथिनं असतात; गाईच्या दुधात अनुक्रमे ४ आणि ३ च्या आसपास, आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, मात्र जास्त. ते मुळातच पातळ, त्यात आणखी पाणी घालायचं म्हणजे पिल्लाला उपाशी ठेवून वर जुलाब लावायचे. औषधाच्या किंवा प्राण्यांच्या दुकानात पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, ती वापरा. पाजताना पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध; गार शरीरात आतडी चालत नाहीत. आणि तीन आठवड्यांचं होईपर्यंत पाजून झालं, की कोमट ओल्या कापसाने शी-शूची जागा पुसायची. हे काम एरवी आई चाटून करते. हातावरच्या पिल्लाचं हे कुणी केलं नाही तर ते तुंबतं.

लसींबद्दल सल्ला अर्धा बरोबर आहे, म्हणून त्याला जास्त जागा देते. पार्व्हो, ज्याला बरेच जण नुसतं गॅस्ट्रो म्हणतात, आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे विषाणूजन्य आजार आपल्या रस्त्यांवर भरपूर आहेत. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, फिनेलला दाद देत नाही; पातळ केलेलं ब्लीच लागतं. त्यात आईचा पहिला चीक न मिळालेल्या पिल्लाकडे आईकडून आलेली प्रतिकारशक्तीही नसते. तेव्हा फुटपाथवर, बागेत, अनोळखी कुत्र्यांत ते सोडायचं नाही, हे खरंच.

पण हिशेब करून बघा. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. पिल्लू जग सहज स्वीकारतं तो काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्यापर्यंत. लसी संपेपर्यंत कोंडून ठेवलं, तर ती वेळ निघून जाते. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेने २००८ सालीच म्हटलं, की पहिली लस आणि जंताचं औषध झाल्यावर, लसीनंतर किमान सात दिवसांनी, पिल्लांचे वर्ग सुरू करावेत. त्यांचे वर्ग स्वच्छ फरशीवर आणि लस घेतलेल्या पिल्लांत भरतात, आपला नाका तसा नाही. त्यामुळे तो सल्ला जसाच्या तसा उचलू नये. आपल्याकडे मार्ग कडेवरचा. पिल्लाला पिशवीत किंवा कडेवर घ्या, पाय जमिनीला लागू न देता रिक्षा, बँड, भाजीबाजार, शाळा सुटतानाचा गोंगाट दाखवा. हेल्मेटवाला, छत्रीवाला, काठी टेकत येणारे आजोबा, सगळे दिसू देत. घरात कुकरची शिट्टी, मिक्सर आणि रोज थोडा वेळ दुसऱ्या खोलीत एकटं राहणं. ओळखीच्या घरी लसी झालेला कुत्रा असेल आणि त्या घरात वर्षभरात पार्व्होने कुणी गेलं नसेल, तर पहिल्या लसीनंतर तिथे जमिनीवर सोडायला हरकत नाही.

राहिली नाकावरची टिचकी. भावंडांत वाढणारं पिल्लू जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतं. एकट्याने वाढलेल्याला हा धडा मिळालेला नसतो, म्हणून ते कडकडून चावतं. त्यात खोडसाळपणा नसतो. टिचकी मारली तर ते एवढंच शिकतं, की तोंडाजवळ आलेला हात वाईट असतो. काही पिल्लं गुरगुरणं सोडतात आणि पुढे सूचना न देता थेट चावतात. त्यापेक्षा दात जोरात लागला की हात सैल सोडायचा, उठायचं, पाठ फिरवायची, अर्ध्या मिनिटाने परत यायचं. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. आजोबांनी हसून पुन्हा बोट पुढे केलं, तर आठवडाभराची मेहनत पाण्यात.