जॉर्डनला शाळेच्या संघातून कुणी हाकललं नव्हतं

अमेरिकन बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनवरचा तो फॉरवर्ड केलेला मेसेज शेवटी आमच्या घरच्या ग्रुपवरही येऊन पोचला. मजकूर थोडक्यात असा: शाळेच्या प्रशिक्षकाने 'तुझ्यात दम नाही' म्हणून जॉर्डनला संघातून हाकलून दिलं. गरीब घरचा तो मुलगा खोलीत कोंडून घेऊन रडला आणि त्याच दिवशी त्याने सूड घ्यायची शपथ घेतली. कुणाच्याही मदतीशिवाय एकट्याने सराव केला. एनबीएमध्येही, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतही, आधी त्याला कुणी विचारत नव्हतं. आणि खाली ठळक अक्षरांत तात्पर्य: ज्यांनी तुम्हाला नाकारलं त्यांना कधीही माफ करू नका.

फोंड्याला माझा भाचा आठवीत शिकतो. शाळेच्या मोठ्या संघात त्याची निवड झाली नाही, सरांनी त्याला 14 वर्षांखालच्या संघात ठेवलं. त्याला धीर यावा म्हणून त्याच्या काकांनी हा मजकूर मुद्दाम त्याला पाठवला. हेतू चांगलाच होता. पण आता हा मुलगा सरांशी धड बोलत नाही. सरांनी आपला अपमान केला आणि तो मनात धरून ठेवायचा असतो, एवढंच त्याने त्यातून उचललं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी 'हाकललं' हे बघू. गोष्ट 1978 सालची, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विल्मिंग्टन गावची. जॉर्डन पंधरा वर्षांचा, लेनी हायस्कूलमध्ये दहावीत. तिथल्या शाळांत दोन संघ असतात. एक मुख्य, त्याला 'व्हार्सिटी' म्हणतात, आणि एक कनिष्ठ. मुख्य संघात बहुतेक मुलं वरच्या वर्गातली. दहावीच्या मुलाने कनिष्ठ संघात खेळणं हा तिथला रिवाज. त्या वर्षी दहावीतला एकच मुलगा वर घेतला गेला, लेरॉय स्मिथ. का? तो साडेसहा फुटांच्या आसपास उंच होता आणि संघात उंच मुलांची वानवा होती. जॉर्डन तेव्हा 5 फूट 10 इंच. त्याला कनिष्ठ संघात ठेवलं. झालं ते एवढंच. मुख्य संघात तो बाकावर बसून राहिला असता. कनिष्ठ संघात प्रत्येक सामना खेळला, काही सामन्यांत एकट्याने चाळीस गुण केले, आणि मुख्य संघातली मुलं त्याचा खेळ बघायला लवकर येऊन बसू लागली. पुढच्या वर्षापर्यंत तो 6 फूट 3 इंचांपर्यंत वाढला आणि वर गेला.

तो रडला होता, हे मात्र खरं. यादीत आपलं नाव नाही हे पाहून घरी गेलो, दार लावून रडलो, असं त्यानेच सांगितलंय. पंधरा वर्षांचा मुलगा रडणारच. त्यातून जिद्द वाढली असेल, हेही मला मान्य करावं लागेल. पण रडू आलं म्हणून समोरचा माणूस दुष्ट ठरत नाही.

आणि माझा खरा राग या समोरच्या माणसावरून आहे. त्याला नाव आहे. क्लिफ्टन हेरिंग, सगळे त्याला 'पॉप' म्हणायचे. जानेवारी 2012 मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या अमेरिकन क्रीडा मासिकात थॉमस लेक यांनी विल्मिंग्टनला जाऊन, जुन्या लोकांशी बोलून, या प्रकरणावर मोठा लेख लिहिला. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी तो एकदा वाचावा. तो प्रशिक्षक सकाळी गाडी घेऊन जॉर्डनच्या दारात जायचा, त्याला घेऊन यायचा आणि शाळा भरायच्या आधी त्याचा सराव घ्यायचा. पहाटे उठून परक्याच्या मुलाला शाळेच्या कोर्टवर नेणारा हा माणूस, आणि आपण जगभर त्याची ओळख करून देतो ती 'जॉर्डनला हाकलणारा मूर्ख' अशी! पुढे हेरिंगला मानसिक आजाराने गाठलं, प्रशिक्षकपद गेलं, आयुष्याची परवड झाली. गावात लोक त्याला ओळखायचे ते याच एका खोट्या गोष्टीसाठी. एका आजारी माणसाच्या माथी हे मारून आपण 'प्रेरणादायी' म्हणून पुढे ढकलतो, याची लाज वाटायला हवी.

यात जॉर्डनचाही दोष आहे. 2009 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, त्याचा गौरव झाला, तेव्हा त्याने लेरॉय स्मिथला मुद्दाम बोलावून घेतलं आणि त्याला निवडणाऱ्या प्रशिक्षकाची चूक झाली, असं भाषणात ऐकवलं. जुना सल तीस वर्षं जपून ठेवायचा, हा त्याचा स्वभाव. पण तो प्रशिक्षकाने दिला नव्हता. परसातल्या कोर्टवर थोरला भाऊ लॅरी त्याला रोज हरवायचा, ईर्ष्या तिथली. जॉर्डनच्या जर्सीवरचा 23 हा आकडासुद्धा लॅरीच्या 45 च्या निम्म्यावरून घेतलेला.

'गरीब घर' हेही खोटं. वडील जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात नोकरीला, आई बँकेत. श्रीमंत नव्हते, पण खाऊन-पिऊन सुखी घर.

'कुणी विचारत नव्हतं' म्हणणाऱ्यांनी तर तारखासुद्धा बघितलेल्या नाहीत. 1982 मध्ये, विद्यापीठातल्या पहिल्याच वर्षी, जॉर्जटाउनविरुद्ध राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यातली निर्णायक बास्केट त्याची. 63-62. 1984 मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण. त्याच वर्षी एनबीएच्या निवडीत, जिथे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, शिकागोच्या संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं. त्याच्या आधी ह्यूस्टनने हकीम ओलाजुवॉन आणि पोर्टलंडने सॅम बोवी घेतला. दोघेही सात फुटी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू. पोर्टलंडकडे जॉर्डनच्या जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता, त्यांना कमी होती ती उंच माणसाची. सहा वर्षांपूर्वी लेनी हायस्कूललाही तीच होती.