पाती मोजून बोके ठरत नसतो

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज. "मामा, माझी ५० एमएम लेन्स विकून टाकू का? पाचच पाती आहेत तिला." खाली तो फॉरवर्ड, जो पंधरा दिवस झाले फोटोवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. लेन्सला पाती (आतलं उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी) जितकी जास्त तितका बोके, म्हणजे फोटोत मागचं पुसट दिसणं, मऊ, पाच पात्यांची लेन्स भंगारात घाला. एफ/१.८ म्हणजे एफ/१.८ (भोक किती उघडं त्याचा आकडा, लहान आकडा म्हणजे मोठं भोक), मोबाइल असो नाहीतर कॅमेरा. लेन्स जितकी महाग, तितका बोके भारी. भाचा सांगलीत बारशी-साखरपुडे शूट करतो आणि निम्मी कामं त्याच लेन्सवर उरकतो. नाहीतर फॉरवर्डांना उत्तरं देत बसायची मला हौस नाही.

आधी पाती. ॲपर्चर, म्हणजे ते भोक, पूर्ण उघडं असलं की सगळी पाती कडेला सरकलेली असतात, उजेडाच्या वाटेत एकही नसते. मग पाच काय नि अकरा काय! भाच्याला म्हटलं, गणपतीतली दिव्यांची माळ काढ, खिडकीला टांग, चार पावलं अलीकडे स्टुलावर तांब्या ठेव आणि त्याच्यावर फोकस कर. एफ/१.८ ला मागचे दिवे गोल येतात. फक्त फ्रेमच्या कोपऱ्यांत ते मांजराच्या डोळ्यासारखे चपटे होतात (शब्द जपानी असला तरी बोके म्हटल्यावर मांजर आलंच). तो चपटेपणा लेन्सच्या नळीची कड आडवी आल्यामुळे, त्यातही पात्यांचा हात नाही. आता एफ/४ ला घे. झाले पंचकोन! एवढं त्या फॉरवर्डवाल्याचं खरं, नाइलाजाने मान्य करतो: ॲपर्चर बारीक केलं की पाती किती आणि किती गोलाईची, त्यावर मागच्या दिव्याच्या ठिपक्याचा आकार ठरतो. आकार. मऊपणा नव्हे.

मऊपणा ठरतो त्या ठिपक्यात उजेड कसा पसरलाय त्यावर. साबणाच्या फुग्यासारखी कड उजळ असली की मागच्या फांद्यांच्या दुहेरी रेघा दिसतात, डोळ्याला खुपतात. कड विरत गेली की सगळं लोण्यासारखं. याच्या मुळाशी असतं स्फेरिकल ॲबरेशन, म्हणजे काचेच्या कडेतून येणारे किरण आणि मधून येणारे किरण एकाच जागी न जुळणं. लेन्स बनवणाऱ्याने ते किती आणि कुठल्या बाजूला झुकवून सुधारलंय, त्यावर बोकेची जात ठरते. पुरावा हवा? निकॉनची १३५ एमएम एफ/२ डीसी घ्या, १९९० ची. तिला एक जादा रिंग आहे, हेच ॲबरेशन कमी-जास्त करणारी. 'आर'कडे फिरवा, मागचं मऊ होतं. 'एफ'कडे फिरवा, पुढचं. पाती नऊ. रिंग फिरवायच्या आधी नऊ, फिरवल्यावरही नऊच. मग बदललं काय, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एकदा सांगावं.

मोबाइलचा मुद्दा तर साध्या भागाकाराचा. फोकल लेंथला (लेन्सचा तो एमएमचा आकडा) एफच्या आकड्याने भागायचं, की भोकाचं माप मिळतं. ५० भागिले १.८, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटरचं भोक. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ सहा मिलिमीटर धरली तर भोक जेमतेम सव्वातीनच्या आसपास. तेवढ्याशा भोकातून मागचं मांडवाचं कापड कितीसं पुसट होणार? पोर्ट्रेट मोडमध्ये दिसतं ते सॉफ्टवेअरने पुसलेलं असतं, नवरीच्या मोकळ्या बटा नीट बघा म्हणजे कळेल.

आणि महाग लेन्स? पैसे टाकले की काच मोठी मिळते, हे खरं. पण कित्येक महागड्या लेन्समधल्या ॲस्फेरिकल (चेंडूसारखी सरळ गोलाई नसलेल्या) काचांमुळे दिव्यांच्या ठिपक्यांत कांद्यासारखी वर्तुळं उमटतात. उलट मायर कंपनीची जुनी ट्रायोप्लान लेन्स, आत काचा तीनच, आणि तिच्या त्या फुग्यांसाठी आज लोक पैसे मोजतायत.

काल भाच्याने माळेचा फोटो पाठवला. "मामा, गोल आहेत की सगळे!" तांब्या मात्र आउट ऑफ फोकस.