अरब गेम्स ही शेखांची स्पर्धा नाही

एक मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय की अरब गेम्स म्हणजे गल्फच्या शेखांनी तेलाच्या पैशावर हल्ली सुरू केलेली स्पर्धा, त्यात बायकांना घेत नाहीत, मेडल्स विकत आणलेले खेळाडू नेतात आणि लेव्हल काहीच नाही. लोक डोळे झाकून पुढे पाठवतायत म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे "हल्ली" आणि "गल्फ" दोन्ही चूक. ही अनेक खेळांची स्पर्धा अरब लीगची, म्हणजे अरब देशांच्या संघटनेची, पहिली झाली 1953 ला, इजिप्तच्या अलेक्झांड्रियात. मग बैरुत, कॅसाब्लांका, कैरो, दमास्कस, पुढे अम्मान, अल्जीयर्स असं चालत आलं आणि गल्फचा नंबर लागला थेट 2011 ला, दोहात. म्हणजे 58 वर्षं गल्फमधे एकदाही नाही! आणि त्या पहिल्याच स्पर्धेत पॅलेस्टाईनची टीम होती, ऑलिम्पिकमधे त्यांना यायला 1996 उजाडलं. मला तर ह्या एका गोष्टीसाठीच ही स्पर्धा महत्त्वाची वाटते.

बायकांचं म्हणाल तर सुरुवातीला खरंच नव्हत्या, ते चूकच होतं. पण 1985 ला मोरोक्कोत त्या उतरल्या, म्हणजे चाळीसेक वर्षं झाली, आणि त्याच्या आदल्या वर्षी मोरोक्कोच्याच नवाल अल मुतवकिलने लॉस एंजेलिसला 400 मीटर हर्डल्सचं ऑलिम्पिक गोल्ड घेतलं होतं. अशा देशांबद्दल "बायकांना घेत नाहीत" लिहायचं?

विकतचे खेळाडू... बहरीन आणि कतार बाहेरच्या खेळाडूंना नागरिकत्व देतात हे खरं आहे, मलाही पटत नाही. पण त्यावरून सगळी मेडल्स त्यांचीच असं कसं म्हणता, दोहात घरच्या मैदानावर सुद्धा कतार इजिप्त, ट्युनिशिया, मोरोक्कोच्या मागेच राहिला.

लेव्हल? दोहाच्या त्याच स्पर्धेत पोहायला ट्युनिशियाचा उसामा मेल्लूली होता, 2008 चा 1500 मीटर फ्रीस्टाईलचा ऑलिम्पिक चॅम्पियन, आणि पुढच्याच वर्षी लंडनला त्याने 10 किलोमीटर ओपन वॉटरचंही गोल्ड घेतलं. आणि 1999 ची अम्मानची फुटबॉल फायनल बघा, जॉर्डन 4-0 ने पुढे, इराकने 4-4 केलं आणि शेवटी जॉर्डन पेनल्टीवर जिंकलं, अशी मॅच कुठल्याही स्पर्धेत झाली असती तर लोक वर्षानुवर्षं बोलले असते.

आणि एक गोष्ट त्या मेसेजमधे नाहीच. अरब लीगचे 22 देश आशिया आणि आफ्रिकेत विभागलेत, त्यामुळे मोरोक्को एशियन गेम्समधे नाही आणि जॉर्डन आफ्रिकन गेम्समधे नाही, आफ्रिकेतलं कोमोरोस आणि आशियातलं इराक इथे एका स्टेडियममधे येतात.

टीका करायचीच तर गॅपवर करा ना. 1965 नंतर थेट 1976, 2011 नंतर थेट 2023 अल्जीरिया, बारा वर्षं! त्यात एखाद्या जिम्नॅस्टचं किंवा स्विमरचं अख्खं करिअर संपतं, आणि त्याबद्दल कोणी मेसेज फिरवत नाही.