बहात्तरावा हिस्सा

प्लास्टिकचं लढाऊ विमान जोडणं हे एका रविवारचं काम. खोका उघडायचा, सांगाड्यातले भाग नेलकटरने तोडायचे, कागदावरचे नंबर बघून चिकटवत जायचं. जेवणाआधी पंख लागतात, चहाच्या वेळेला चाकं. पण ते विमान ‘बरोबर’ करायला कोणी बसला, तर त्याचा उन्हाळा गेलाच समजा. त्यातून उन्हाळा नागपूरचा. तो तसाही जाता जात नाही.

माझं विमान म्हणजे मिग-21. 1963 साली वायुदलात आलेलं हे विमान 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला निवृत्त झालं. टीव्हीवर तो सोहळा बघता बघता मी म्हटलं, आता एक मिग आपल्या घरी पाहिजे. “घरात रिटायर्ड लोकं कमी आहेत का?” बायको म्हणाली. हे माझ्या वडिलांसमोर म्हणाली आणि वडील हसले, म्हणजे परवानगी मिळाली.

मागवलेल्या खोक्यावर ‘मिग-21 एफएल’ असं लिहिलं होतं. वायुदलातले लोक याला टाईप 77 म्हणत. ओझरच्या कारखान्यात आपण मिग बांधायला घेतले, ते याच प्रकारापासून. माप 1:72. हा बहात्तरचा आकडा आला फूट-इंचांच्या हिशेबातून: मॉडेलवर एक इंच म्हणजे खरे सहा फूट. सहाफुटी माणूस इंचभर होतो आणि मिगचे सव्वासात मीटरला जरा कमी असलेले पंख दहा सेंटिमीटरच्या आत मावतात. इथपर्यंत गोड वाटतं. पण हेच गणित उलटं केलं की मॉडेलवरचा एक मिलिमीटर खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरांच्या वर जातो. हे एकदा डोक्यात शिरलं की झोप गेली.

माझ्या डोक्यात ते शिरवलं शेजारच्या काकांनी. वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या वायुसेनानगरात, त्यामुळे आमच्या बाजूला दगड भिरकावला तर तो निवृत्त वायुसैनिकालाच लागायचा. आमचे काका एअरफ्रेम फिटर. सगळी नोकरी मिगच्या पोटाखाली उताणं पडून केलेली.

“काय करून राहिला बाबू?”

“मिग बनवून राहिलो काका. एफएल.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, विमान नाकाजवळ नेलं, फिरवून पाहिलं.

“एफएल आहे, तर मंग पाठीवर हे पोतं काऊन ठेवलं?”

झालं असं होतं की एफएलची पाठ सडपातळ. पुढच्या काळात मिगच्या पाठीत जास्तीचं इंधन भरायला जागा केली, तशी ती फुगत गेली आणि ‘बिस’ या प्रकारात तर चांगलीच जाडजूड झाली. कंपनीने बिसचाच साचा काढून खोक्यावर एफएल छापलं होतं. ‘मग बिस म्हणूनच बनवा की’ असं कोणीही शहाणा माणूस म्हणेल. बायको म्हणालीच. पण काकांची सगळी उमेद 77 वर गेलेली. त्यांच्यासमोर बिस बनवायची माझी छाती नव्हती.

पाठ घासायची ठरली. वॉटर पेपर आणायला इतवारीत गेलो.

“काय घासायचं आहे? दरवाजा का गाडी?”

“विमान.”

दुकानदाराने मान वर केली नाही. “केवढं?”

“वीतभर.”

“मंग दोन कागद पुरे होतात,” म्हणून त्याने चारशे नंबरचे दोन कागद कापून दिले. नागपूरच्या दुकानदाराला आश्चर्य वाटत नाही, ही मला या शहराची फार आवडणारी गोष्ट आहे.

काकांनी सगळ्या चुका एका दमात सांगितल्या असत्या तर मी तो खोका परत तरी पाठवला असता. पण ते रोज संध्याकाळी येत, चहा घेत आणि एकच चूक सांगत. एफएलच्या प्रत्येक पंखाखाली क्षेपणास्त्र लटकवायची खुंटी एकच, साच्यात भोकं दोन-दोन. बुजव. एफएलची काचेची टोपी अख्खीच्या अख्खी पुढच्या बिजागरीवर उचलली जायची. खोक्यातली बाजूला उघडणारी, समोरची काच वेगळी. बदल. नाकावरचा तो लांब दांडा, ज्याने विमानाला आपला वेग कळतो, तो एफएलवर बरोबर मधोमध. इथे उजवीकडे सरकलेला. काढ, मधे आण. हे शेवटचं सांगताना तर काकांच्या चेहऱ्यावर लग्नात नवरदेवाचा फेटा वाकडा दिसल्याचं दुःख होतं.

खरी मजा तोफेची. बिसच्या पोटात 23 मिलिमीटरची जोडनळीची तोफ बसवलेली असते, म्हणून साच्यात तिची खोबण होती. काका म्हणाले, एफएल आला तेव्हा त्याला तोफच नव्हती. नुसती क्षेपणास्त्रं. त्या काळात जगभरच्या शहाण्यांना वाटत होतं की आता तोफेचे दिवस गेले. मी ती खोबण पुट्टी भरून, घासून, पुन्हा भरून, पुन्हा घासून अशी मिटवली की शोधून सापडू नये. काकांनी बोट फिरवून पाहिलं. “एक नंबर.” मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, “पण 71 मध्ये तोफेचा पॉड लावत होते ना बे पोटाखाली.”

“मग?”

“मंग काय? लाव.”

बुजवलेल्या तोफेच्या जागीच नवी तोफ टांगली. 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-21 नी रॉकेटं सोडली होती, ही हकिकत काकांनी त्यांच्या सीनियर लोकांकडून ऐकलेली, आणि मी ती काकांकडून ऐकली, म्हणजे आता पंखांखाली रॉकेटचे डबे आले. एका डब्यात सोळा रॉकेटं, प्रत्येक 57 मिलिमीटरचं. बहात्तराने भागा: पाऊण मिलिमीटरच्या जरा वर. मसुरीच्या डाळीएवढ्या चकतीवर सोळा भोकं पाडायची होती, गोधडीच्या सुईने, श्वास धरून. गोल पाहिजेत, एकमेकांत शिरता कामा नयेत. सुई आत जाताना प्लास्टिकची पांढरी कड वर येते, ती नखाने काढायची. नखाने काढताना डबा बोटांतून सुटतो आणि थेट सोफ्याखाली जातो. तिथे आमच्या सोफ्याचं एक स्वतंत्र शस्त्रागार तयार झालेलं आहे. काकांनी टाचणीने भोकं मोजली. “पंधराच आहेत. सोळावं कुठं गेलं?” सोळावं त्यांच्या अंगठ्याखाली होतं. त्यांनी अंगठा काढला, पण “मोजायला सोपं तर पाहिजे ना” असं वर ऐकवलं.

नाकात शिशाचे गोळे भरणं हे काम मात्र बिनबोभाट झालं. मिगचं सगळं वजन मागे, त्यामुळे नाक जड केलं नाही तर मॉडेल शेपटीवर बसतं.

मग रंग. एफएल कितीतरी वर्षं बिनरंगाचे, उघड्या धातूचे उडत होते. म्हणून मॉडेलवर चंदेरी मुलामा. चट्ट्यापट्ट्यांच्या लष्करी रंगाखाली पापं झाकली जातात. चंदेरी रंगाखाली उलट ती वर येतात. चारशेच्या कागदाने मारलेला एखादा ओरखडा, जो दोन आठवडे कोणाला दिसला नव्हता, तो रंग बसताच पाठीवर चमकायला लागतो. पुन्हा खरवडा, आठशेने घासा, बाराशेने घासा, पुन्हा फवारा. आणि फवारणार कधी? या शहराने 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंश पाहिले आहेत. दुपारी एअरब्रशमधून सुटलेला रंग वाटेतच वाळतो, विमानावर नुसती भुकटी पडते. कूलर लावला तर खसच्या ताटीची कुसळं ओल्या रंगावर येऊन बसतात. कूलर बंद केला तर घरचे लोक मला बाहेर बसवतात. शेवटी पहाटे पाचला गच्चीवर कॉम्प्रेसर सुरू करायचा, खालून कोणीतरी “कोणाची बोअरवेल लागली का?” विचारायचं आणि सहाला ऊन टोचायच्या आत आवरायचं, असा दिनक्रम बसला.

डिकलचं, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या छापील चित्रांचं म्हणाल तर वायुदलाचं चिन्ह बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं. खोक्यातलं केशरी चक्क टमाट्याच्या रंगाचं. संत्र्यांच्या शहरात ते कोण खपवून घेईल? दुसरी शीट मागवली. पाण्यात भिजवलेलं पहिलंच चिन्ह चिमट्यावर घेतलं, तेवढ्यात मुलीने कूलर तीनवर केला. ते तुकडा-तुकडा न होता अलगद उडालं आणि फ्रिजच्या दारावर जाऊन सपाट बसलं. इतकं सरळ मला विमानावर कधीच लावता आलं नसतं. निघेना. तेव्हापासून आमचा फ्रिज वायुदलात आहे. वडील पाणी प्यायला गेले की त्याला सलाम ठोकतात.

विमान पुरं झालं. काचेच्या कपाटात ठेवलं. काका आले, चष्मा वर, बराच वेळ पाहिलं. मी वाट पाहत होतो की आता कुठलं बिळ उकरतात.

“विमान बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण एकटंच काऊन उभं आहे? शिडी कोण लावणार? चाकाखालचे ठोकळे कोण काढणार?”

खोक्यात एक पायलट होता. त्याचं हेल्मेट घासून टोपी केली, ऑक्सिजनचा मास्क तासून टाकला, हातात पान्हा दिला. काका पाच फूट चार इंच, म्हणजे पाऊण इंचाच्या वर नि एका इंचाच्या आत. पायाखालून तेवढं कापून उंचीही जुळवली. खाकी रंग दिला आणि विमानाच्या पोटाखाली, पुढच्या चाकाशी उभा केला. काकांना बोलावलं.

त्यांनी भिंग मागितलं. पाहिलं. मान हलवली. आतून काकूंना हाक मारून त्यांनाही दाखवलं. काकू म्हणाल्या, “अगं बाई, हे तर तुम्हीच.”

“मीच आहे,” काका म्हणाले. मग भिंग माझ्या हातात देऊन, बोटाने आपल्याच पुतळ्याकडे दाखवत म्हणाले, “पण बाबू, 77 वर होतो तेव्हा आपलं पोट एवढं नव्हतं बे. बाराशेचा कागद आहे का उरलेला?”