तिथं बसून सांगणं सोपं असतंय

वहिनीनं मार्चमध्ये घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य टाकलं, तीन महिने झाले, खरं अजून डोक्यातनं जात नाही. "ताई, तिथं बसून सांगणं सोपं असतंय." तिथं म्हणजे नेदरलँड्समध्ये, मी राहते त्या आइंडहोवनला. चढा आवाज नाही, भांडण नाही, खाली हात जोडल्याचं चित्र. मी उत्तराला मोठा मेसेज टाइप केला, पुसला, परत केला, परत पुसला. आता इथं सगळंच लिहिते.

झालं असं की भाचा यूकेजीतनं पहिलीत जाणार म्हणून त्याच्या शाळेनं ग्रॅज्युएशन ठेवलं. काळा गाऊन, चौकोनी टोपी, टोपीला पिवळा गोंडा, रिबीन बांधलेलं सर्टिफिकेट. गाऊनचं भाडं, फोटो आणि हॉलचे मिळून १८०० रुपये. त्याच आठवड्यात दादा गाडी बदलायची म्हणत होता आणि इलेक्ट्रिक परवडत नाही असं ठरवून मोकळा झाला होता. मी दोन्हीवर बोलले. सहा वर्षांच्या पोराला कसली पदवी देताय, आणि जिथं खरंच पैसे वाचतात तिथं मात्र आकडा बघून मागं सरताय, असं काहीतरी लिहिलं. त्यावर वहिनीचं ते वाक्य आलं.

गाडीचं आधी सांगते, कारण तिथं मी बरोबर आहे असं मला अजून वाटतं. आमचं घर बेळगावातल्या वडगावचं, मागावरचं. लहानपणी खाली पॉवरलूम आणि वर आम्ही. बाबा दर पहिल्या तारखेला मीटरसमोर उभं राहून वहीत युनिट लिहायचे, कुठल्या महिन्यात किती साड्या निघाल्या आणि किती युनिट जळाले ते त्यांना तोंडपाठ असायचं. अशा घराला विजेचा हिशोब मी आइंडहोवनवरनं शिकवायची गरजच नाही. तरी दादा म्हणतो, "अगं, गृहज्योती जाईल की." आता हा मुद्दा इथं कुणाला समजावून सांगताच येणार नाही, खरं तो चुकीचा नाही. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेत घरगुती वापर नेहमीच्या सरासरीइतका आणि २०० युनिटच्या आत असला तर बिल शून्य येतं आणि २०० च्या वर गेला की सगळ्या युनिटचं बिल भरावं लागतं. दादाच्या घरी साधारण १३० जातात. गाडी घरी लावली की हद्द ओलांडली.

म्हणून मी बसून मांडलं. दादा महिन्याला हजार किलोमीटर फिरतो, कधी निपाणी, कधी हुबळी, गाडीत साड्यांचे गठ्ठे. पेट्रोल शंभराच्या वर, गाडी लिटरला १५ देते, म्हणजे जवळजवळ ७ हजार. इलेक्ट्रिकला हजार किलोमीटरला १६० युनिट धरू. घरचे १३० मिळवून २९०, सगळे आकार धरून ७ रुपयांनी दोन हजाराच्या आसपास. फुकटची वीज गेली असं धरूनसुद्धा महिन्याला पाच हजार वाचतात. वर जीएसटी इलेक्ट्रिकला ५ टक्के आणि छोट्या पेट्रोल गाडीला सप्टेंबर २०२५ मध्ये २८ चा १८ केला तरी १८ च. कर्नाटकाचा रोड टॅक्स तर पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणं १३ ते १८ टक्के आणि वर सेस, म्हणून तर आपल्याकडं निम्मी माणसं कोल्हापूरच्या पाहुण्याच्या पत्त्यावर एमएच ०९ काढून आणतात. इलेक्ट्रिकला २०१६ पासून तो टॅक्स माफ होता, २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या गाड्यांना १० टक्के लावला, आणि दादा काय २५ लाखांची गाडी घेणार नाही. एवढं सगळं मी एक्सेलमध्ये करून पाठवलं. दादानं अंगठा दाखवला आणि विषय बदलला.

आमच्याकडं बघा, असंही मी त्यात लिहिलं होतं. गल्लीत सोळा घरं, सात गाड्या इलेक्ट्रिक, कुणी चर्चासुद्धा करत नाही, रस्त्यावरच्या चार्जिंगच्या पोलला लावतात आणि झोपतात. हे खरं आहे. खरं मी जे लिहिलं नाही ते असं की आमची गाडी नवऱ्याच्या कंपनीची लीजची आहे. तिची किंमत आम्ही कधी मोजलीच नाही, पगारात बायटेलिंग, म्हणजे गाडी वापरल्याची रक्कम, मिळवून त्यावर कर कापला जातो आणि चार्जिंगचं कार्डही ऑफिसचं. शेजारची बाई स्वतःच्या पैशानं घेतलेली इलेक्ट्रिक चालवते, ती यंदा चिडलेली आहे, कारण २०२४ पर्यंत तिला रस्त्याचा कर शून्य होता, २०२५ ला पाव भाग लागला आणि यंदा ७० टक्के भरायचाय. तिच्याशी बोलताना मी मान हलवते आणि दादाशी बोलताना तिचं नाव काढत नाही. दादाला तीन-साडेतीन लाख जास्तीचे आज घालायचेत, मागाच्या धंद्यातनं काढून, आणि ते सुटायला सहा वर्षं लागणार. सहा वर्षांत वडगावात किती माग चालू राहतील हे त्याला सांगता येत नाही, मला तर नाहीच नाही. माझं गणित चुकलेलं नाही, पण ते तीन लाख माझ्या खिशातले नव्हते.

आता ग्रॅज्युएशन.

मला राग पैशांचा नव्हता, हे वहिनीला सांगायचं राहिलं. मला वाटतं समारंभ पोरानं काहीतरी केल्यावर व्हावा. इथं मुलं चार वर्षांची झाली की वाढदिवसानंतर शाळेत जायला लागतात, मधल्या महिन्यात, एकेकटी, कुणी हार घालत नाही. समारंभ येतो तो पोहण्याच्या डिप्लोमाला. माझ्या लेकीचा ए डिप्लोमा, म्हणजे त्यातला पहिला, मे महिन्यात झाला. दीड वर्ष दर शनिवारी क्लास, सगळे मिळून हजार युरोच्या वर गेले, त्यावर मात्र मी कधी ग्रुपवर हिशोब टाकला नाही. अंगात पूर्ण कपडे, पायात बूट, तशा वेशात ती पाण्यात उतरली. नंतर नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत दुसरा भाग. पाण्याखाली एक ताडपत्री सोडलेली असते, तिला मध्ये भोक, त्यातनं पोहत पलीकडं निघायचं. ती खाली गेली आणि मी बूटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून काठावर उभी, आणि मी मोजत होते. चार म्हणेपर्यंत वर आली. नाकातनं पाणी गळत होतं आणि ती मला शोधत होती.

मला स्वतःला पोहता येत नाही. दादा कडोलीला मामाच्या विहिरीत शिकला, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून, मामानं वरनं ढकलून दिला आणि दोरी धरून उभा राहिला. मी काठावर कपडे सांभाळत बसायची, पोरींना विहिरीत सोडत नव्हते. आता घरापासून दोनशे पावलांवर कालवा आहे, त्याला कठडा नाही, आणि लेक त्या काठानं सायकलवर शाळेत जाते. त्यामुळं तो कागद हातात आला तेव्हा मला जे वाटलं ते माझ्या दहावीच्या निकालाला वाटलं नव्हतं. याला मी समारंभ म्हणते. या आठवड्यात तर रस्त्यानं जाताना घरोघरी झेंडे दिसतायत आणि काठीला शाळेचं दप्तर लटकवलेलं, पोरं शेवटची परीक्षा पास झालीत म्हणून. भाड्याचा गाऊन नाही, जे दप्तर पाठीवर वागवलं तेच वर टांगायचं.

हे सगळं मला वहिनीला लिहायचं होतं, आणि लिहिता लिहिता भाच्याचा तो व्हिडिओ कॉल परत आठवायला लागला.

बेळगावात संध्याकाळचे पाच, माझी जेवणाची सुट्टी, मीटिंग रूममध्ये चीज लावलेला ब्रेड समोर ठेवून बसले होते. दादानं फोन धरला होता. आईनं इरकल नेसलेली, बाबांनी टोपी घातलेली, खानापूरची मावशी, वहिनीचे आईवडील, शेजारच्या काकू, एका रांगेत मावत नव्हते म्हणून मागच्या खुर्च्यांवरपण आमचीच माणसं. बाई आधी इंग्लिशमध्ये आणि मग कन्नडमध्ये नावं पुकारत होत्या. आई दुसऱ्याच पोराला टाळ्या वाजवून बसली. मग भाचा आला. टोपी मोठी होती, मागं सेफ्टी पिन लावलेली दिसत होती, तरी ती डोळ्यावर आली आणि त्यानं ती एका हातानं उचलून धरली, दुसऱ्या हातात सर्टिफिकेट, आणि रांगेत कोण कोण आलंय ते बघून घेतलं. एकेक करून. मी मोजले, चौदा माणसं होती. फोनमध्ये मी आहे हे त्याला कळलं नसावं.

लेकीच्या डिप्लोमाला आम्ही दोघं होतो. शेजारच्या पोराचे आजीआजोबा ग्रोनिंगेनवरनं आलेले, त्यांनी आमचा तिघांचा फोटो काढून दिला.

भाच्याच्या बारशालापण मी नव्हते. आत्यानं नाव ठेवायचं असतं, म्हणून आईनं फोन पाळण्यात धरला आणि मी इथनं कुर्रर्र केलं, नेट अडकलं, आणि नाव वहिनीच्या बहिणीनंच सांगून टाकलं असं मला नंतर कळलं. त्यावर मी कधी बोलले नाही. गाऊनवर बोलले.

इथं मराठी मंडळाच्या गणपतीत पुण्याची माणसं भेटतात, बेळगाव म्हटलं की "अरे वा, पण तुमचं मराठी छान आहे" म्हणतात. कौतुकानंच म्हणतात. मी गप्प बसते, आमचे आजोबा सीमाप्रश्नाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले हे प्रसादाच्या रांगेत कसं सांगायचं. ऑफिसातली बेंगळूरची मुलगी मला एक नोव्हेंबरला राज्योत्सवाच्या शुभेच्छा देते, आणि १९५६ पासनं आमच्या घरी तो दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. तिलाही मी थँक्यू म्हणते. मग संध्याकाळी घरी येऊन वडगावच्या ग्रुपवर जाते, कारण तिथं मला काही समजावून सांगावं लागत नाही, आणि तिथंच कुणीतरी म्हणतं, तिथं बसून सांगणं सोपं असतंय.

सोपं नाही, वहिनी. भाच्यानं पहिलीत जायला गाऊन घालू नये असं मला आजही वाटतं. खरं त्या दिवशी मला त्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर बसायचं होतं, आणि ते मी लिहू शकले नाही म्हणून १८०० रुपयांचं लिहिलं.

परवा हे तिला फोनवर बोलले, अर्धंमुर्धं. ती जरा वेळ काही बोलली नाही, मग आईला फोन दिला. आई म्हणाली, "पोरगी एवढं पाण्याखालनं पोहून आली आणि सांगितलीस नाहीस होय, आम्ही बघितलो असतो की." खरंच सांगितलं नव्हतं. कुणाला त्यात काय कळणार असं मनाशी धरून चालले होते.

बी डिप्लोमा दिवाळीच्या आगंमागं येईल. इथले सकाळचे दहा म्हणजे बेळगावात दुपारचे अडीच, ऐन कामाची वेळ. दादाला विचारलं तर म्हणाला, तासभर माग बंद ठेवू, खडखडाटात फोनचं ऐकू येत नाही.